बांधावरची चिंच आणि कार्बनवरचे तीन चार्ज

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते तुलाही बघता येईल. तू बारावीत आहेस, सोलापुरातच क्लासला जातेस आणि कार्बन मोनॉक्साइडवर येऊन अडलीस. एका पुस्तकात त्यातल्या कार्बनचा ऑक्सिडेशन नंबर +२ दिलाय. दुसऱ्या पुस्तकात त्याच कार्बनवर फॉर्मल चार्ज −१ आहे. क्लासच्या सरांनी ‘ऑक्सिजन जास्त इलेक्ट्रोनेगेटिव्ह’, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन जास्त ओढणारा, म्हणून कार्बनवर डेल्टा प्लस (थोडा धन प्रभार) आणि ऑक्सिजनवर डेल्टा मायनस (थोडा ऋण प्रभार) काढला. तू विचारतेस, एकाच कार्बनवर तीन वेगळे चार्ज कसे, आणि खरा कोणता? शेवटी आणखी एक शंका जोडली आहेस: ४एस (चौथ्या कवचातला एक कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉनची जागा) ३डीच्या (तिसऱ्या कवचातल्या जागांच्या) आधी भरतं म्हणतात, मग लोखंडाचा आयन होताना ४एसच आधी रिकामं का होतं?

मी सव्वीस वर्षं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवली. त्याआधी चार वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाइंग युनिटच्या लॅबमध्ये टॉवेलचे शेड जुळवत बसायचो. ‘चार्ज’ या शब्दाचा घोळ मी दोन्हीकडे पाहिला. वर्गात त्यापायी मार्क जातात, डाइंगमध्ये माल जातो.

तुला मिळालेले तीन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. पहिले दोन वहीतल्या हिशेबाचे आहेत आणि आपापल्या नियमाने दोन्ही बरोबर आहेत. तिसरा प्रत्यक्षाबद्दल बोलतो, पण तुझ्या सरांनी काढलेली दिशा या एका रेणूच्या बाबतीत उलटी आहे. घाई करून सरांना सांगायला जाऊ नकोस, आधी पुढचं वाच.

आमची शेती मोहोळ तालुक्यात. आमच्या आणि भावकीच्या रानामध्ये एक बांध, आणि बरोबर बांधावर एक जुनी चिंच. दरवर्षी चिंचा झोडायची वेळ आली की भांडण ठरलेलं. आजोबा म्हणायचे, झाड सामाईक, निम्म्या चिंचा तुमच्या, निम्म्या आमच्या. भावकीतले थोरले अंगापिंडानं दांडगे, ते म्हणायचे, झाड आमच्याकडं झुकलंय, सगळी चिंच आमची. आणि आजी ओसरीवरून ओरडायची, “आदी रानात जाऊन फांद्या कुठं लवल्यात ते बगा की!”

दोन अणूंमधल्या बंधातले इलेक्ट्रॉन म्हणजे ही चिंच. आजोबांच्या नियमाने वाटलेस की फॉर्मल चार्ज मिळतो: प्रत्येक बंधातले इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे, कोण किती दांडगा याची चौकशी नाही. भावकीच्या नियमाने वाटलेस की ऑक्सिडेशन नंबर मिळतो: ज्याची विद्युतऋणता (इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी) जास्त, त्याला बंधातले सगळे इलेक्ट्रॉन. आणि आजीचं ऐकून रानात गेलीस तर इलेक्ट्रॉनचा ढग प्रत्यक्षात कुठे किती दाट आहे ते दिसतं. त्याचा एक ठोस, प्रयोगशाळेत मोजता येणारा पुरावा म्हणजे डायपोल मोमेंट: रेणूची धन आणि ऋण टोकं किती प्रभाराची आणि एकमेकांपासून किती लांब, याचं माप. ते डिबाय या एककात सांगतात.

सोप्या रेणूवर करून बघू. हायड्रोजन क्लोराइड. बंधात दोन इलेक्ट्रॉन. निम्मे-निम्मे वाटले तर हायड्रोजनने एक आणला होता, एक मिळाला. क्लोरिनने सात आणले होते, सात मिळाले. दोघांचाही फॉर्मल चार्ज शून्य. भावकीच्या नियमाने दोन्ही इलेक्ट्रॉन क्लोरिनला, म्हणून हायड्रोजन +१, क्लोरिन −१. आता रानात जाऊ. या रेणूची मोजलेली डायपोल मोमेंट १.०८ डिबाय आहे आणि दोन केंद्रकांतलं अंतर १२७ पिकोमीटर. एक युक्ती लक्षात ठेव: अंतर पिकोमीटरमध्ये घेऊन ०.०४८ ने गुणलं की पूर्ण +१ आणि पूर्ण −१ तेवढ्या अंतरावर ठेवल्यावर किती डिबाय होतील ते कळतं. इथे ते ६.१ येतात. १.०८ ला ६.१ ने भाग. साधारण ०.१८. म्हणजे वही एकदा शून्य सांगते, एकदा एक सांगते, आणि रानातला आकडा एका इलेक्ट्रॉनच्या चार्जच्या अठरा टक्क्यांच्या आसपास. दिशा ऑक्सिडेशन नंबरची बरोबर निघाली, आकार कुणाचाच नाही.

आता तुझा कार्बन मोनॉक्साइड. कार्बनचे ४ आणि ऑक्सिजनचे ६, मिळून १० संयुजा (बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन. गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये जी ठिपक्यांची पद्धत दिली तिने रचना काढली तर मधे तिहेरी बंध आणि दोन्ही अणूंवर एकेक एकाकी जोडी, म्हणजे बंधात न गुंतलेले दोन इलेक्ट्रॉन. निम्मी वाटणी कर: बंधातल्या सहांपैकी तीन कार्बनला, शिवाय त्याची स्वतःची जोडी, एकूण पाच. त्याने आणले होते चार. म्हणून −१. ऑक्सिजनलाही पाचच मिळाले, पण त्याने सहा आणले होते, म्हणून +१. आता भावकी: बंधातले सहाच्या सहा ऑक्सिजनला. कार्बनकडे उरले दोन, चारच्या जागी दोन, म्हणून +२. ऑक्सिजनकडे आठ, म्हणून −२. तुझी दोन्ही पुस्तकं इथपर्यंत बिनचूक आहेत.

आणि रानातली परिस्थिती? कार्बन मोनॉक्साइडची डायपोल मोमेंट मोजली तर ती जेमतेम ०.११ डिबाय भरते, आणि तिचं ऋण टोक कार्बनच्या बाजूला असतं. हो, कार्बनच्या. कार्बनची विद्युतऋणता २.५५, ऑक्सिजनची ३.४४, तरीसुद्धा. पहिल्यांदा मला हे कळलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

बंधाची लांबी ११३ पिकोमीटर. वरची युक्ती लावली तर फॉर्मल चार्ज शब्दशः खरे असते तर डायपोल ५.४ डिबाय असायला हवी होती. प्रत्यक्षात तिच्या पन्नासाव्या हिश्शाइतकीच आहे. ऑक्सिडेशन नंबर शब्दशः खरे असते तर जवळजवळ १०.८ डिबाय, आणि तीही उलट्या दिशेने. इथे फॉर्मल चार्जची दिशा बरोबर निघाली, ऑक्सिडेशन नंबरची चुकली. हायड्रोजन क्लोराइडमध्ये ऑक्सिडेशन नंबरची दिशा बरोबर होती. म्हणून ‘दोन्हीपैकी खऱ्याच्या जवळचा कोणता’ हा प्रश्नच मी वर्गात विचारू देत नसे.

असं का होतं तेही बघ, कारण नुसता आकडा पाठ करण्यात मजा नाही. तिहेरी बंधात कार्बनने दोन इलेक्ट्रॉन टाकलेत आणि ऑक्सिजनने चार. म्हणजे नुसती समान वाटणी झाली असती तर ऑक्सिजन तोट्यात गेला असता. पण ऑक्सिजन दांडगा, तो बंधातला ढग आपल्याकडे ओढतो आणि तोटा भरून काढतो. या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात. आता राहिली कार्बनची एकाकी जोडी. ती बंधाच्या विरुद्ध बाजूला, बाहेर फुगून बसलेली आहे. ऑक्सिजनची जोडी तशी नाही, ती केंद्रकाजवळ आवळून धरलेली. कार्बनच्या त्या फुगलेल्या जोडीमुळे पारडं किंचित कार्बनच्या बाजूला कलतं. सरांनी सांगितलेलं बंधापुरतं खरंच आहे: बंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे सरकलेले आहेत. फक्त त्यांनी फांद्या मोजल्या आणि बुंध्यापलीकडचं झुडूप मोजायचं राहिलं.

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांचा जीव जातो तो याच जोडीमुळे. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाला हा रेणू कार्बनच्या टोकाने चिकटतो, ती फुगलेली जोडी लोहाला देऊन. ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पट घट्ट. ‘कार्बन +२ आहे, म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेणारा’ असं कुणी नुसत्या ऑक्सिडेशन नंबरवरून ठरवलं तर या रेणूची सगळी वागणूकच उलटी समजेल.

इथे एक बारीक गोष्ट, परीक्षेला येणार नाही पण तुझा प्रश्न पाहता तुला झेपेल. ‘कार्बन अणूवरचा खरा चार्ज किती’ याला मुळात एकच उत्तर नाही. रेणूतला इलेक्ट्रॉनचा ढग सलग असतो, त्यात बांध नसतो. एक अणू कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ही रेघ आपण मारतो, आणि रेघ मारायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत. रेघ बदलली की आकडा बदलतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये तर काही पद्धतींनी कार्बनवर धन प्रभार येतो, आणि तरीही रेणूची डायपोल कार्बनच्याच बाजूला ऋण राहते, कारण डायपोल नुसत्या वाट्यावर ठरत नाही. ढग कुठे आणि किती लांब फुगलाय त्यावरही ठरते. मोजता येतं ते डायपोल, आणि अख्ख्या आयनाचा एकूण चार्ज. तो मात्र नेहमी १.६०२ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम याच्या पूर्ण पटीत. बाकी अणूंच्या डोक्यावर लिहिलेले आकडे म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. नोंद उपयोगी असते, कोर्टात चालते, पण ती म्हणजे जमीन नव्हे.

अमोनियमचा प्लस कुणाचा, हे याच सुरात विचारतात, म्हणून उरकून टाकतो. फॉर्मल चार्ज नायट्रोजनवर +१. ऑक्सिडेशन नंबर नायट्रोजनचा −३, चार हायड्रोजन +१ चे, बेरीज +१. प्रत्यक्षात नायट्रोजनची विद्युतऋणता ३.०४, हायड्रोजनची २.२०, म्हणून ढग नायट्रोजनकडे ओढलेला आणि धनपणा बाहेरच्या चार हायड्रोजनवर पसरलेला. पुस्तकात नायट्रोजनच्या डोक्यावर प्लस काढतात तो आजोबांचा. तपासायची एकच खूण: कुठल्याही नियमाने वाटा, बेरीज आयनाच्या एकूण चार्जइतकी यायलाच हवी. बेरीज चुकली तर वाटणी चुकली.

मग ही हिशेबाची वही ठेवायची कशाला? डाइंगमधली गोष्ट सांगतो.

सुती टॉवेल पाण्यात भिजला की धाग्यावर हलका ऋण प्रभार येतो. आम्ही वापरायचो ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग, त्यांच्या रेणूला सल्फोनेटचे गट लावलेले असतात, म्हणजे गंधकाला जोडलेले तीन ऑक्सिजन आणि त्या गटाचा एकूण चार्ज −१. तो गट असतो म्हणून रंग पाण्यात विरघळतो. पण धागाही ऋण आणि रंगही ऋण, म्हणजे दोघे एकमेकांना ढकलणार. म्हणून मीठ. साधं मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट), गडद शेडला लिटरमागे ५० ग्रॅमच्या वर. मिठातले सोडियमचे धन आयन धाग्याभोवती गोळा होतात, ढकलणं कमी होतं, रंग धाग्यापाशी पोचतो. मग सोडा घालायचा. सोड्याने पाणी अल्कधर्मी झालं की सेल्युलोजच्या काही हायड्रॉक्सिल गटांमधला हायड्रोजन निघतो, तिथे ऑक्सिजनवर ऋण प्रभार उरतो, आणि तो ऑक्सिजन रंगाच्या रेणूला पक्का बंध करून धरतो.

माझ्या पहिल्याच वर्षी मी गडद निळ्या बॅचचं मीठ काढताना दशांशाचा घोळ केला. शेड आकाशी आला. बाकीचा रंग गटारात. मालकांनी काही बोलण्याआधीच डाइंग मास्तरांनी एका नजरेत ओळखलं की मीठ कमी पडलंय. त्यांची शाळा सातवीत सुटली होती, फॉर्मल चार्ज हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नसेल. दुसऱ्यांदा टँकर आला नाही म्हणून बोअरचं जड पाणी थेट वापरलं, तर कापडावर ठिपके. जड पाण्यातला कॅल्शियमचा आयन +२ चा असतो, तो दोन-दोन रंगाच्या रेणूंना एकत्र बांधून त्यांचा गाळ करू शकतो. एका सोडियमच्या आयनाला ते जमत नाही.

या सल्फोनेट गटाची ठिपक्यांची रचना काढायला मी नंतर वर्गात मुलांना सांगायचो. गंधकाला तिन्ही ऑक्सिजन एकेरी बंधाने जोडले तर गंधकावर फॉर्मल चार्ज +२ येतो आणि तिन्ही ऑक्सिजनवर −१. दोन बंध दुहेरी काढले तर गंधकावर शून्य, दोन ऑक्सिजनवर शून्य आणि एकावर −१. रेणू तोच, टॉवेल तोच, मीठ तेवढंच. कागदावरचे आकडे मात्र रेघा बदलल्या की बदलले. प्रत्यक्षात तिन्ही ऑक्सिजन सारखेच असतात, त्या गटाचा ऋण प्रभार तिघांवर सारखा पसरलेला असतो. पण दोन्ही रेखाटनांत बेरीज −१ येते, आणि डाइंगला लागते ती बेरीज. त्यासाठी वही. फॉर्मल चार्जने अनेक संभाव्य रचनांपैकी कोणती जास्त पटण्यासारखी ते ठरवता येतं; ऑक्सिडेशन नंबरने अभिक्रियेत कुणाचे किती इलेक्ट्रॉन गेले याचा ताळा बसतो. ज्याचं काम त्याला द्यावं.

ठिपक्यांच्या पद्धतीवर माझा जीव आहे, पण तीही सगळीकडे चालत नाही. साधा ऑक्सिजन घे. ठिपके काढले तर सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसलेले दिसतात. पण −१८३ अंशाखाली द्रवरूप केलेला ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ओतला तर तो तिथेच लटकून राहतो. त्यात दोन इलेक्ट्रॉन बिनजोडीचे आहेत. ठिपक्यांना हे दाखवता येत नाही, त्यासाठी रेण्वीय कक्षकं, म्हणजे अख्ख्या रेणूवर पसरलेल्या इलेक्ट्रॉनच्या जागा, लागतात. तुमच्या अभ्यासक्रमात ती आहेत, त्यामुळे इथे थांबतो.

आता हा दांडगेपणा अणूत येतो कुठून? इथून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे जायचंय.

सोडियमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन. पण सगळ्यात बाहेरच्या इलेक्ट्रॉनला ११ ची ओढ जाणवत नाही, मधले दहा इलेक्ट्रॉन आडोसा करतात. स्लेटर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३० मध्ये दिलेल्या ढोबळ नियमांनी गणित केलं तर त्याला जाणवणारी ओढ फक्त २.२ प्रोटॉनइतकी निघते. तेच गणित क्लोरिनच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला लाव: १७ वजा १०.९, म्हणजे ६.१. दोघांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन तिसऱ्याच कवचात, पण ओढ जवळजवळ तिप्पट. एकाच कवचातले शेजारी एकमेकांना फारसा आडोसा करत नाहीत, म्हणून आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना अणू दांडगे होत जातात.

कवचं ही पुस्तकवाल्यांनी सोयीसाठी काढलेली वर्तुळं आहेत असं अनेकांना वाटतं. मॅग्नेशियमचे आकडे बघ. पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे ७३८ किलोज्यूल, दुसरा काढायला १४५१, आणि तिसऱ्याला एकदम ७७३३. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली ही उडी म्हणजेच कवचाची भिंत. इलेक्ट्रॉनची मांडणी शिकवायची तर मी २, ८, २ पाठ करून घेण्याआधी हे तीन आकडे फळ्यावर लिहीत असे आणि गप्प बसत असे. कुणीतरी मागच्या बाकावरून विचारायचंच, “सर, तिसऱ्याला एवढं काय झालं?”

याच्याच जोडीला एक गैरसमज काढून टाक. ‘सोडियमला एक इलेक्ट्रॉन द्यायचा असतो आणि क्लोरिनला एक हवा असतो, मग दोघं खूश’ ही गोष्ट शाळेत ठीक, बारावीत नको. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल खर्च येतो. तो घेतल्यावर क्लोरिनकडून परत मिळतात ३४९. म्हणजे नुसत्या या देवघेवीत १४७ चा तोटा. मीठ तयार होतं ते या सुट्या आयनांचं घन स्फटिकात रचलं जाताना मोलमागे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात म्हणून. ऑक्सिजनचं तर आणखी गमतीचं. पहिला इलेक्ट्रॉन घेताना १४१ किलोज्यूल बाहेर टाकतो. दुसरा घ्यायला लावायचं तर ७००हून अधिक किलोज्यूल घालावे लागतात, कारण आधीच ऋण झालेल्या आयनावर आणखी एक ऋण लादायचा असतो. एकटादुकटा −२ चा ऑक्साइड आयन मोकळा असताना टिकतच नाही, अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण असूनही. चुन्याच्या कळीत तो टिकतो, भोवती कॅल्शियमचे +२ आयन त्याला धरून असतात म्हणून.

आता ४एस आणि ३डी. इलेक्ट्रॉन कक्षकांत कसे बसतात हे सांगायला एसटीचं उदाहरण सगळे देतात, मीही वर्षानुवर्षं दिलं: रिकाम्या गाडीत चढलेला माणूस आधी रिकामं बाकडं बघतो, सगळी बाकडी एकेकाने भरली की मगच कुणाच्या शेजारी बसतो. हुंडच्या नियमाला (सारख्या ऊर्जेच्या कक्षकांत आधी एकेक इलेक्ट्रॉन, मग जोड्या) हे छान लागू पडतं. पण ४एसला तेच उदाहरण लावलं की पोरं फसतात. आधी ४एसमध्ये चढले म्हणून आधी ३डीमधले उतरायला हवेत, असं त्यांना वाटतं. तुझंही तिथेच झालंय.

‘४एस आधी भरतं’ हे वाक्य एकाच अणूबद्दल नाही. ते एका मूलद्रव्याकडून पुढच्या मूलद्रव्याकडे जाण्याबद्दल आहे, आणि प्रत्येक पावलावर एक इलेक्ट्रॉन वाढतो तसा केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ४एसची ऊर्जा खरोखरच ३डीपेक्षा खाली असते. स्कँडियमपासून प्रोटॉन वाढत गेल्याने ३डी आत ओढलं जातं आणि खाली जातं. याचा पुरावा वर्णपटातून मिळतो. स्कँडियमचे बाहेरचे तीनही इलेक्ट्रॉन काढ, +३ चा आयन उरला. आता त्याला एक इलेक्ट्रॉन परत दे. ‘आधी ४एस’ खरं असतं तर तो तिथे गेला असता. तो ३डीत बसतो. पुढचे दोन मात्र ४एसमध्ये जातात, कारण ३डी लहानशी, आवळलेली जागा, तिथे गर्दी केली की एकमेकांना ढकलणं फार वाढतं. ४एस ऐसपैस आणि बाहेर.

लोखंडाचंही हेच. २६ प्रोटॉन, ३डीत सहा आणि ४एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन. दोन काढलेस तर २४ उरले. क्रोमियमकडेही २४ इलेक्ट्रॉन असतात, आणि त्याची मांडणी ३डीत पाच, ४एसमध्ये एक अशी आहे. म्हणून लोखंडाचा +२ आयन क्रोमियमसारखा होईल असं वाटतं. पण त्या आयनात प्रोटॉन अजून २६ च आहेत, २४ नाहीत. ओढ जास्त, ३डी आणखी खाली, सगळे सहा इलेक्ट्रॉन ३डीत आणि ४एस रिकामं. इलेक्ट्रॉन काढणं म्हणजे आवर्तसारणीत मागे चालत जाणं नव्हे. परीक्षेत मांडणी लिहिताना ३डी आधी आणि ४एस नंतर लिहायची सवय लाव, म्हणजे आयन करताना उजवीकडून खोडायचं हे आपोआप होतं.

क्रोमियमला ‘अर्धं भरलेलं डी स्थिर असतं’ म्हणून ४एसचा एक इलेक्ट्रॉन तिकडे जातो, हे कारण पेपरात लिही, मार्क मिळतील. मनातल्या मनात मात्र एवढं ठेव की त्याच गटात खाली असलेलं टंगस्टन तसं करत नाही. त्याच्या ५डीत चार आणि ६एसमध्ये दोन आहेत. इतकं साधं कारण असतं तर टंगस्टननेही ऐकलं असतं.

आता तुझ्यासाठी एक. नायट्रस ऑक्साइड, भूल द्यायला वापरतात तो वायू: दोन नायट्रोजन, एक ऑक्सिजन, एका रेषेत. त्याच्या अष्टक पाळणाऱ्या दोन मुख्य ठिपक्यांच्या रचना काढ आणि दोन्हींत तिन्ही अणूंचे फॉर्मल चार्ज लिही. मग नायट्रोजनचा सरासरी ऑक्सिडेशन नंबर काढ. या रेणूची मोजलेली डायपोल फक्त ०.१६ डिबाय आहे. ती एवढी कमी का असावी, ते त्या दोन रचना शेजारी-शेजारी ठेवून बघ आणि मला लिहून पाठव. कागदावर सोडव, मोबाइलवर नको. आणि ऑक्सिजन मधे नाही, टोकाला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. दरवर्षी वर्गात एखादा तरी तो मधे घालायचाच.